ओकबुन गिरणीत जाणार नाही

मार्चमधला रविवार. माल्सुन कापडगिरणीमागच्या भाड्याच्या खोलीबाहेर आठवड्याचे कपडे धूत होती. आठ वर्षांपूर्वी ती कोरियातल्या या दैगू शहरात आली, तेव्हा इथे सफरचंदांच्या बागा होत्या. मग बागा तुटल्या, गिरण्या उठल्या, नदीचं पाणी रंगाच्या कारखान्यांनी काळंजांभळं केलं. शहर फोफावलं ते खेड्यापाड्यांतून आणलेल्या चौदा-चौदा वर्षांच्या पोरींच्या हातांवर.

खांद्यावर हात पडला तशी ती दचकून वळली. आई उभी होती, मागे बोचकं घेतलेली धाकटी बहीण ओकबुन.

"किती हाका मारायच्या? शहरात येऊन शिष्ट झालीस."

माल्सुन आईच्या ओठांकडे बघत राहिली. मागांच्या धडधडाटाने तिचे कान जाऊन दोन वर्षं झाली होती. घरी तिने कळवलं नव्हतं.

जेवताना आईने विषय काढला. "ओकबुनची प्राथमिक शाळा संपली. मुकादमाला सांगून हिला चिकटव. तुझ्या भावाला, सांगहोला, राजधानीत सोलला कॉलेजात घालायचंय. मुलगा शिकला की घर वर येईल."

"आणि ओकबुन?"

आई किमची वाढायला पाठमोरी झाली. "पोरीच्या जातीला वाचता आलं, पुरे. तूही आलीसच ना? काय बिघडलं तुझं?"

माल्सुन खाली मान घालून जेवत राहिली.

"आई," ओकबुन हळूच म्हणाली, "ताईला ऐकू येत नाही."

आईने पाठमोरी राहूनच माल्सुनला हाक मारली. पुन्हा मारली. मग समोर येऊन मटकन बसली.

"कधीपासून गं?"

"दोन वर्षं."

"कळवलं का नाहीस?"

"कळवून काय झालं असतं? सांगहोची शाळा थांबवली असतीत?"

आईने हातातली वाटी खाली ठेवली.

"ओकबुन माझ्याजवळ राहील. पण गिरणीत नाही, शाळेत जाईल. माझा पगार आता तिच्यासाठी. बाबांना सांग, रागवायचं तर माझ्यावर रागवा."

"घर मोडशील, बाई," आई हातांनी तोंड झाकून म्हणाली. माल्सुनला ते कळलं नाही.

आई एकटीच परतली.

दुसऱ्या दिवशी पाळीवर जाण्याआधी माल्सुन धाकटीला घेऊन शाळेत गेली. खिडकीतून पन्नासेक मुलींची तोंडं एकदम हलताना दिसत होती.

"काय म्हणतायत गं?" तिने विचारलं.

ओकबुन तिच्यासमोर उभी राहिली आणि धड्यातला एकेक शब्द ओठ नीट उघडून सावकाश म्हणू लागली. पाळी सुरू होऊन गिरणीचं दार बंद व्हायची वेळ झाली होती. माल्सुन हलली नाही.