वीतभर वर सरकलेला पेंढा

सेइकिचीचं वागणंच नाबेला पटेना. चार दिवस पोरगा धड जेवत नव्हता, रताळी ताटात तशीच. आणि उजाडलं की अंगणातल्या खांबावर धप्, धप्, धप्. बाप गेल्यापासून अंगणात कराते तोच शिकवायचा. बाप शिकवायचा तेव्हाही हाच आवाज असायचा, पण तो ऐकत नाबे खुशाल जातं ओढायची. आता तिचा हात थबकायचा.

"अरे, खांबानं काय घोडं मारलंय तुझं?"

"सराव करतोय, आई."

"सराव करणारा घाम पुसतो. तू दातओठ खातोयस."

ती जवळ गेली. ठोसे मारायला खांबावर गुंडाळलेला पेंढा नवऱ्यानं तीस वर्षं छातीच्या उंचीवरच बांधला होता. आता तो चांगला वीतभर वर होता.

"हा वर कुणी नेला?"

"सुटला होता. पुन्हा बांधला."

खोटं बोलताना सेइकिची लहानपणापासून नाक खाजवायचा. आत्ताही खाजवलं.

तेवढ्यात फाटकातून याकाबी आत आला. पश्चिम आळीचा, गावात सगळ्यांत उंच. महिन्यापूर्वी दारूच्या भरात सेइकिचीच्या बापाबद्दल चारचौघांत म्हणाला होता, "म्हातारा गेला, त्याची विद्याही थडग्यात गेली."

"काकू, उद्याच्या दोन आळ्यांच्या रस्सीखेचीचा दोर वळायला पेंढा कमी पडतोय. दोन पेंढ्या द्या की! का सगळा या खांबालाच नेसवलात?"

स्वतःच्याच विनोदावर हसत तो खांबाला टेकला. वर सरकलेला पेंढा नेमका त्याच्या गळ्याशी आला.

नाबेनं वळून लेकाकडे पाहिलं. सेइकिची याकाबीच्या तोंडाकडे बघतच नव्हता. त्याची नजर गळ्यावर होती, आणि उद्या दोराच्या गर्दीत दोन्ही आळ्या एकमेकांना भिडणार होत्या. तिथे कुणाचा हात कुठे लागला, कोण बघतंय?

तिनं पेंढ्या याकाबीच्या हातात कोंबल्या. "जा बाबा, लवकर जा." तो गेल्यावर तिनं कोयता घेतला आणि खांबावरची दोरी कापून टाकली. पेंढा खाली पडला.

"आई!"

"गप! तुझा बाप तीस वर्षं स्वतःच्या रागाला मारत होता, म्हणून त्याला कुणावर हात उगारावा लागला नाही. तू खांबाला माणसाचा गळा लावलास. उद्या तू दोराला हात लावायचा नाही, आणि आजपासून या अंगणात कुणाला शिकवायचं नाही. तुझ्या हातात ताकद आहे रे, पण विद्या नाही. आणि ज्याच्याकडे विद्या नाही, त्याला माझ्या घरात कुणी मास्तर म्हणायचं नाही."