शेवटची मीच

वस्तीतली पोरं आधी दार लावायला शिकत आणि मग बोलायला. यात फारशी अतिशयोक्ती नाही. समुद्राच्या तळाशी, डोक्यावर दीडशे मीटर पाणी घेऊन एकशे बारा माणसं राहत होती आणि त्यांच्या जिवाची सगळी मदार दारांवर होती. एका दालनातून दुसऱ्या दालनात जायला लोखंडी बोळ, बोळाच्या दोन्ही टोकांना गोल दार, दाराला हातभर रुंदीचं चाक. नियम एकच. जो सगळ्यात मागे असेल त्यानं दारातून पुढं यायचं, मोठ्यानं "शेवटचा मीच" म्हणायचं आणि चाक अडीच फेरे फिरवायचं. पुढच्यानं "लागलं" म्हणायचं आणि मगच पाय उचलायचा. शाळेत जाताना हेच, जेवायला जाताना हेच आणि घाईची लागलेली असली तरी हेच.

हे शिकवायला एक खास माणूस नेमलेला होता. त्याला सगळे दारमास्तर म्हणत. पूर्वी एका दालनात पाणी घुसलं तेव्हा एकानं मागून धावत येणाऱ्या भावासाठी दार धरून ठेवलं आणि त्या भावासकट एकोणीस माणसं बुडाली, ही गोष्ट ते दर सोमवारी पोरांच्या कानीकपाळी ओरडून सांगत. सांगून झालं की म्हणत, "दारात उभं राहून विचार करायचा नाही. विचार हाताला शिकवून ठेवायचा."

त्यांच्या धाकट्या मुलीच्या हाताला तो पक्का शिकवलेला होता. झोपेतसुद्धा तिचा उजवा हात कधीकधी उशीवर गोल फिरायचा आणि शेजारी झोपलेली ताई वैतागून तो बाजूला सारायची. पोरगी चौदा वर्षांची, ठेंगणी, ताईच्या ढांगांशी पाय जुळवता जुळवता कायम मागे राहणारी. म्हणून तिला सगळे शेपटी म्हणत. कुठंही जायचं असो, शेवटची तीच.

ताई सतरा वर्षांची होती, नळ जोडायचं काम शिकत होती आणि आपल्याला सगळं येतं याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. दोघींच्या जोडीला कायम तिसरा भोंगा. शेजारच्या मावशीचा एकुलता एक मुलगा, सोळा वर्षांचा. तो कुजबुजला तरी पलीकडच्या दालनातली माणसं "काय रे?" म्हणून विचारायची. मावशीचा नवरा किनाऱ्यावर कामाला म्हणून गेला आणि तिकडेच रमला. तेव्हापासून ती पाण्यात घालायच्या रबरी पोशाखांना ठिगळं लावून घर चालवत होती. शेपटी लहानपणापासून निम्मं जेवण तिच्याच घरी जेवली होती.

वस्तीला खिडकी नव्हती. बाहेरचं काय ते पडद्यावर बघायचं, आणि पडद्यावर वस्ती चालवणाऱ्या साहेबांना जेवढं दाखवावंसं वाटेल तेवढंच दिसायचं. पण नऊ वर्षांपूर्वी बंद केलेल्या जुन्या दालनात माणसाएवढी काचेची खिडकी आहे, असं ताईनं कुणाकडून तरी ऐकलं आणि तिच्या डोक्यात ते भूत शिरलं. "आपण जन्मलो समुद्रात आणि समुद्र बघितला नाही. लाज नाही वाटत?" ती म्हणाली. भोंग्याला लाज वाटली. शेपटीला भीती वाटली, पण त्या दोघांनी आपल्याला मागे ठेवू नये म्हणून तिनंही लाज वाटल्याचं सांगितलं.

जुन्या दालनाच्या दाराचं चाक गंजलेलं होतं. ताईनं दोन दिवस, कामातून वेळ काढून, त्याला तेल पाजलं आणि मोठ्या पान्यानं हलवून हलवून ते मोकळं केलं. आतल्या बाजूला चाक नव्हतंच. दालन बंद करताना आतलं चाक काढून दुसरीकडं वापरायची पद्धत होती, कारण लोखंड फुकट घालवण्याइतका कुणाचा बाप इथं श्रीमंत नव्हता. आतली हवा नऊ वर्षांची शिळी, चार श्वासांत माणूस आडवा व्हायचा. म्हणून तिघांनी तोंडाला मुखवटे आणि पाठीला हवेची एकेक बाटली बांधली. बाटली अर्ध्या तासाची. दार आपोआप लागू नये म्हणून फटीत एक पहार आडवी टाकली आणि तिघं आत शिरली.

आतला बोळ अरुंद होता, एकामागून एकच जाता येई. भोंग्याच्या हातात आईची विजेरी होती, अर्थातच न विचारता आणलेली. आईचं बारीक काम त्या विजेरीवर चालायचं आणि तिला कुणी हात लावला तर मावशी घर डोक्यावर घ्यायची. दालनात ओल, उलटी पडलेली बाकं, भिंतीवर कुठल्या तरी पोरानं रंगवलेला लाल बूट. आणि समोर खरंच खिडकी. तिच्यावरचा पत्रा भोंग्यानं आणि ताईनं मिळून उपसून काढला. शेपटीचा श्वास इतका भरभर चालला होता की मुखवट्याची काच धुरकटली.

भोंग्यानं काचेला विजेरी लावली. बाहेर फुटके नळ होते. फाटकी पोती, मोडक्या खुर्च्या, गाद्यांचा कापूस आणि त्यावर चढलेला चिखल. वस्तीचा नऊ वर्षांचा कचरा साहेबांनी नेमका इथंच टाकून ठेवला होता. तिघांच्या जन्मातलं समुद्राचं पहिलं दर्शन ते असं झालं. भोंगा मुखवट्यातल्या मुखवट्यात खो खो हसायला लागला. ताईचा चेहरा मात्र पडला. "चला," ती म्हणाली. "बावीस मिनिटं झाली. चला लवकर."

दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाच्या रोखानं पुढं ताई, मध्ये भोंगा, मागं शेपटी. बोळात दहा पावलं आल्यावर भोंगा थांबला, मुखवटा जरा उचलून म्हणाला, "आईची विजेरी राहिली. ती चामडी लोळवेल माझी. आलोच." शेपटी अंग चोरून भिंतीला चिकटली, तो तिला घासून मागं गेला. ताई ढांगा टाकत तोवर दाराबाहेर पोचली होती. शेपटी पुढं चालायला लागली. तिच्या डोक्यात तो कचरा होता. एवढं तेल, एवढी चोरी, एवढी भीती आणि शेवटी उकिरडा, याचा तिला संताप येत होता. दार वीस पावलांवर होतं. ती दारातून बाहेर आली, पायानं पहार आत ढकलली, दार ओढलं आणि "शेवटची मीच" म्हणून चाक अडीच फेरे फिरवलं.

"लागलं," ताई म्हणाली.

दोघींनी मुखवटे काढले आणि चार पावलं चालल्या. "भोंग्या, घरी जाऊन बडबडू नकोस हं," ताई मागं न बघता म्हणाली. उत्तर आलं नाही. भोंग्याकडून उत्तर न येण्याची ही आयुष्यातली पहिलीच वेळ.

ताई वळली. शेपटीही वळली. एकमेकींच्या तोंडाकडं बघून दोघी एकदमच दाराकडं धावल्या.

चाक उलटं फिरवलं तर ते नुसतंच गरगरलं. शेवटचा फेरा बसताना आतले गंजके दाते मोडून पडले होते. ताई पान्यानं झोंबली, शेपटी नखांनी झोंबली. आतून दारावर थाप पडली, मग दुसरी. तो काहीतरी ओरडत असणार, पण मुखवटा आणि वीतभर लोखंड यांतून भोंग्याचाही आवाज येत नव्हता. "बाबांना आणू या," ताई म्हणाली, आणि दोघी जीव खाऊन पळत सुटल्या.

वाटेत तीन दारं होती. तिन्ही दारांपाशी शेपटी थांबली, "शेवटची मीच" म्हणाली आणि अडीच फेरे फिरवून मगच पुढं गेली. ताई तिन्ही वेळा "लागलं" म्हणाली. आपण हे काय करतोय ते दोघींपैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

दारमास्तर चार माणसं आणि कापायचं यंत्र घेऊन धावले. दार कापायला पन्नास मिनिटं लागली. भोंग्याच्या बाटलीत आठ मिनिटांची हवा होती. तो दाराला पाठ लावून बसलेला सापडला, मांडीवर विजेरी होती आणि ती अजून जळत होती.

तिसऱ्या दिवशी जेवणघरात सगळी वस्ती जमली. साहेबांनी कागद वाचून दाखवला. मुलांनी बंद दालन उघडलं ही चूकच, पण विषारी हवा बोळात पसरू लागली तेव्हा आत अडकलेल्या शूर मुलानं स्वतः "लाव दार!" अशी हाक दिली आणि एका चौदा वर्षांच्या मुलीनं काळजावर दगड ठेवून नियम पाळला. त्यामुळं एकशे अकरा माणसं वाचली. मग टाळ्या झाल्या. शेपटीला कळेना की हे कुणाबद्दल चाललंय. टाळ्या वाजवताना बायका रडत होत्या आणि ताई ताटाकडं बघत होती. तेल आणि पाना तिचा होता. तिनं ब्र काढला असता तर नळाचं काम जन्मभरासाठी गेलं असतं.

घरी आल्यावर शेपटीनं वडिलांना गाठलं. ते पलंगावर बसून बूट काढत होते.

"बाबा, तो काही म्हणाला नाही. हवाबिवा काही पसरली नव्हती. मी त्याला विसरले."

"माहीत आहे मला. ताईनं त्याच दिवशी सांगितलं."

"मग साहेब असं का बोलले?"

"मीच लिहून दिलं त्यांना." त्यांनी दुसरा बूट काढला. "हे बघ, उद्या ही गोष्ट फुटली तर प्रत्येक आई पोराला सांगेल, दार लावायच्या आधी मागं वळून बघ बाळा. एक बघेल, दुसरा थांबेल, तिसरा दार धरून ठेवेल. मग काय होतं ते तुला माहीत आहे."

"पण तिथं पाणी नव्हतंच, बाबा."

"या वेळी नव्हतं." मग ते जरा मऊ आवाजात म्हणाले, "तुझा हात चुकला नाही, पोरी. हात बरोबर चालला."

हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि पाण्यामागं थोडा अभिमानही होता. तो तिला दिसला. आपल्या बापाचा आपल्याला तिरस्कार वाटू शकतो, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

पुढच्या सोमवारपासून बुडालेल्या भावांची गोष्ट मागं पडली. आता शाळेत नवी गोष्ट आली आणि ती पोरांकडून करून घेतली जाई. एकानं भोंगा व्हायचं, एकीनं शेपटी. "लाव दार!" ओरडायला मिळतं म्हणून भोंगा व्हायला पोरांची मारामारी चाले. शेपटी व्हायला कुणी तयार नसे, तिला नुसतंच चाक फिरवायचं असे. खरी शेपटी समोरून गेली की पोरं गप्प होऊन तिच्या उजव्या हाताकडं बघत.

महिनाभरानं तिला सोसेना. मावशीनं आपल्याला झोडपून काढावं, झिंज्या उपटाव्यात, एवढीच तिची इच्छा होती. त्या आशेनंच ती गेली.

मावशी कामावर होती. फुगवलेला रबरी पोशाख पाण्याच्या टबात दाबून धरून कुठून बुडबुडे येतात ते बघत होती. "ये," ती म्हणाली. "सगळे येऊन गेले, तूच राहिली होतीस. मला एकच विचारायचंय तुला. दार लाव म्हणाला तेव्हा घाबरला होता का गं तो?"

"तो तसं म्हणाला नाही, मावशी." शेपटीनं एका दमात सांगून टाकलं. "तुमची विजेरी राहिली म्हणून तो परत गेला. मी बाजूला सरकून त्याला वाट दिली. मग चालत चालत दारापाशी आले आणि त्याला विसरले. माझ्या हातानं दार लावलं. विषारी हवा नव्हती, काही नव्हतं. मी विसरले."

मावशीचे हात टबातच राहिले. पोशाखाच्या काखेतून बुडबुड्यांची बारीक रांग वर येत होती, पण तिनं तिथं खूण केली नाही.

"किती पावलं होती?"

"वीस."

"चौदा वर्षं त्याच्या ताटाला ताट लावून जेवलीस. आणि वीस पावलं लक्षात राहिला नाही?"

शेपटीनं मान खाली घातली आणि गाल पुढं केला. मावशी उठली, हात पुसले. पण मारलं नाही. तिची नजर फळीवर गेली. तिथं विजेरी होती, दारमास्तरांनी आणून दिलेली.

"हिच्यासाठी गेला," ती हळूच म्हणाली. "मी ओरडेन म्हणून." तिनं विजेरी उचलली, पुसली आणि परत फळीवर ठेवली. शेवटी तिनं विचारलं, "हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"बाबांना. ते म्हणाले, बोलू नकोस."

"बरोबर म्हणाले." मावशी पुन्हा स्टुलावर बसली. तिचा आवाज आता कोरडा ठणठणीत झाला होता. "माझा पोरगा एकशे अकरा माणसांसाठी गेला. आईच्या शिव्यांना भिऊन नाही गेला. कळलं?"

"मावशी, पण..."

"बस खाली. साहेबांनी कसं सांगितलं, तसं सांग मला. तू तिथं होतीस. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

शेपटी बसली. तिला उठून पळावंसं वाटत होतं, पण ही बाई मागेल ते द्यायचंच, एवढं एकच तिच्या हातात उरलं होतं. ती सांगू लागली. बोळात विषारी हवा आली, भोंगा आत अडकला, तो ओरडला, लाव दार, आणि मी लावलं.

"तो घाबरला नव्हता, हे राहिलं," मावशी म्हणाली. "आणि नुसतं लाव दार नाही. 'शेपटे, लाव दार' असं म्हणाला. तुला नावानंच हाक मारायचा तो."

"हो, मावशी."

"मग नीट सांग. पहिल्यापासून."

शेपटीनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.