बाबुलालच्या गोळ्यांच्या गाठी

मालनबाईनं राखलेलं बी कधी फसलं नाही, असं अख्खं दिघोरी गाव सांगायचं. वाल असो, लाखोळी असो की भेंडी, ती बी उन्हात कडक वाळवायची, राखेत घोळायची, जुन्या धोतराच्या चिंधीत बांधायची आणि चुलीवरच्या दांडीला टांगायची. कोणत्या गाठीत काय आहे हे तिच्या बोटांना कळायचं. त्यामुळे नवरा, बाबुलाल, गेला तेव्हा त्याच्या उरलेल्या गोळ्यांचं काय करायचं हा प्रश्न तिला पडलाच नाही. चकचकीत पाकिटं फोडून तिनं गोळ्या निवडल्या, त्याच्याच धोतराच्या चिंध्यांत बांधल्या आणि बियाण्याशेजारी टांगल्या. राखेत घोळल्या नाहीत, एवढीच मेहेरबानी.

लेक संघपालच्या बायकोनं, तृप्तीनं, सांगून पाहिलं, "आई, काढून टाका ना त्या. तारीख निघून गेली असंल."

"बियाले तारीख रायते का वो? चांगलं राखलं का उगवते."

गाठी आहेत म्हटल्यावर मागणारेही आले. कोणाचा गुडघा, कोणाचं पोट. मालनबाई हौसेनं गाठ सोडायची. बाबुलालच्या आजारपणात राबलेले हात तो गेल्यावर रिकामे झाले होते. पुन्हा कोणाच्या तरी कामी आले म्हणून तिला फार बरं वाटायचं.

समोरच्या घरची शकुनबाई तर तिची जन्माची सोबतीण. दोघींनी एकाच बांधीत, धानाच्या चिखलात वाकून, उभं आयुष्य रोवणा म्हणजे भातलावणी केली होती. मालनबाईच्या घरी बुद्धवंदना, शकुनबाईच्या घरी वारावारी उपास. त्यावरून चिडवाचिडवी चालायची, पण भाजीची वाटी रोज इकडून तिकडे जायची.

श्रावणातल्या एका सोमवारी शकुनबाई दाराला धरतच आली.

"मालन, हातपाय गळून राहिले व. रोवणा झाला तरी आंगातला थकवा जात नाही. ताकदीची गोळी आहे का तुह्यापाशी?"

"तुहा महादेव म्हणते का, उपाशी मर म्हणून?" म्हणत मालनबाई उठली आणि तिची बोटं नेमकी एका गाठीवर गेली. बाबुलाल रोज सकाळी न्याहारीच्या तोंडावर एक पांढरी गोळी घ्यायचा आणि म्हणायचा, "हे घेतली का तरतरी येते." ती त्याची शुगरची गोळी होती. पण नाव पाकिटासोबत उकिरड्यात गेलं होतं, मालनबाईजवळ राहिली होती फक्त ती तरतरी. सोबतीण म्हणून तिनं एकीच्या जागी दोन दिल्या.

दुपारी समोरून हाक आली. शकुनबाई अंगणात पडली होती, घामानं चिंब, तोंडातून भलतंच बडबडत. तिच्या लेकानं, भोजराजनं, ऑटो आणला. मालनबाई कोणाला न विचारता आत चढली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

दवाखान्यात रिता सिस्टरनं बोट टोचून पाहिलं. शुगर पार खाली गेली होती. सलाईन लागली तशी शकुनबाईनं डोळे उघडले, आणि भोजराजचा जीव भांड्यात पडला.

"यांना शुगरची गोळी चालू आहे का?" सिस्टरनं विचारलं.

"नाही जी. आमच्या घरी कोणालेच शुगर नाही. उपासानंच झालं हे."

"मग सलाईन संपली की घरी न्या, खायला द्या."

मालनबाई दाराशी उभी होती. गप्प राहिली असती तर कुत्र्यालाही कळलं नसतं. बोलली तर भोजराज काय म्हणेल, गाव काय म्हणेल, आणि शकुन? शकुन पुन्हा आपल्या दारात पाय ठेवेल का? पण खाटेवरचं ते पांढरंफटक तोंड तिला बघवेना.

"सिस्टर, म्या देल्ल्या तिले गोळ्या," ती एकदम बोलली. "दोन. संघपालच्या बापाच्या होत्या. पांढऱ्या. नाव मले नाही माहीत."

"बाबुलालजींच्या?" सिस्टर ताडकन वळली. "त्यांना तर शुगर होती! आजी, बरं केलं सांगितलं. ही गोळी शुगर पुन्हा पुन्हा खाली ओढते. घरी नेलं असतं तर झोपेतच काही झालं असतं. आता उद्यापर्यंत यांना हलवायचं नाही."

आणि खरंच, दिवस मावळायला शुगर पुन्हा उतरली, पण तेव्हा सिस्टर जवळ होती. जुनं बी उगवलं होतं, नको तिथं उगवलं होतं. भोजराज मालनबाईकडे पाठ करून आईच्या उशाशी बसला, आणि तिला ते मारापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शकुनबाई घरी आली, तशी मालनबाई सगळ्या गाठी पदरात घेऊन दवाखान्यात गेली.

"बोडीत टाकू का या?"

"बोडीत नको, तेच पाणी ढोरं पितात. उकिरड्यात टाकल्या तर शेळ्या खातील. इथं द्या, आमच्या औषधी कचऱ्यासोबत जाळायला जातील," सिस्टर म्हणाली. "आणि आजी, गोळी पाकिटातून आधी काढायची नाही. नाव आणि तारीख त्यावरच असते. एकाची गोळी दुसऱ्याला तर कधीच नाही."

मालनबाई एकेक गाठ सोडत गेली. शेवटची सुटेना. तिला हुंदका फुटला. "गाठी होत्या तवरी तो घरातच आहे असं वाटे, बाई."

सिस्टरनं ती गाठ हलकेच सोडली, गोळ्या काढून घेतल्या आणि चिंध्या घडी करून तिच्या हातात परत दिल्या. मालनबाईनं घरी येऊन त्यांत वाल बांधला.

समोर जायची मात्र तिची छाती होईना. भाजीची वाटी थांबली. मग पुढच्या सोमवारी शकुनबाईच रस्ता ओलांडून आली, हातात पिशवी.

"दवाखान्यात बीपी निघालं, सिस्टरनं त्याची गोळी देल्ली. मले बारीक अक्षर दिसत नाही. तू काढून दे."

"मी? माह्या हातची घेशीन?"

"तुह्या हातानं पडली, तशी तुह्या तोंडानंच वाचली ना मी. दे."

मालनबाईचे डोळे भरून आले. तिनं हात धुतले आणि हाक मारली, "तृप्ती, इकडे ये. पाकिटावर कोणत्या औषधाचं नाव आहे, पहिले ते वाच. मंग तारीख वाच. मोठ्यानं."

तृप्तीनं वाचलं. दोघींनी कान देऊन ऐकलं. मालनबाईनं एकच गोळी काढली, पण लगेच मूठ मिटली.

"जेवली का?"

"आज सोमवार आहे, मालन."

"मंग बस खाली."

मालनबाईनं वालाची भाजी आणि भात वाढून ताट पुढं सरकवलं. शकुनबाईनं एकदा वर पाहिलं, महादेवाची मनातल्या मनात माफी मागितली आणि पहिला घास घेतला.