दाईचं नाव

हेब्रोनजवळच्या टेकडीवर होग्ला बाळंत झाली, तेव्हा तिचा नवरा मेंढ्यांची लोकर कातरून झाल्याच्या जेवणावळीत पिऊन पडला होता.

"पोराचं नाव अमाल!" ती ओरडली. अमाल म्हणजे कष्ट. आईच्या तोंडून निघेल तेच नाव, अशी तिथली रीत.

नाळ कापता कापता म्हातारी दाई भडकली. "अगं बये, राग नवऱ्यावर आणि शिक्षा पोराला? एकेकीला सांगून जीभ झिजली माझी!"

"दाईआजी, तू तुझं काम कर."

"तेच करतेय! माझा बाप भांडून निघून गेला, त्या रागात आईनं माझं नाव ठेवलं अझुवा. टाकलेली! बाप आठव्या दिवशी परत आला. नाव साठ वर्षं झाली, जात नाही."