घेवड्याच्या वाफ्यातली ट्राउटची काठी

मित्रांनो, माझ्या अंगावर दोन उन्हाळे घेवड्याचा वेल चढला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी माझ्या पाठीमागे हसायला नको. मी काही बागेतली काठी नाही. मी ट्राउट मासा पकडायची काठी आहे, फायबरग्लासची, साडेसात फूट लांब, मधाच्या रंगाची. वय विचाराल तर साठीला टेकले आहे. आणि गेल्या जूनमध्ये मी जे केले, ते अख्ख्या सॉरेल ओढ्याने डोळ्यांनी पाहिले आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. काचेच्या तंतूंचे कापड राळेत भिजवून निमुळत्या पोलादी सळईवर घट्ट गुंडाळले आणि भट्टीत भाजले. सळई ओढून काढली तेव्हा मी उरले, आतून पोकळ आणि बाहेरून चकचकीत. एका बाईंनी माझ्यावर तांबड्या दोऱ्याने दोरी ओवायच्या कड्या बांधल्या. खाली बुचाची मूठ बसली आणि मी तयार झाले. काच म्हटले की तुम्हाला फुटणे आठवते. माझी काच तशी नाही. ती मुठीपर्यंत वाकते आणि पुन्हा सरळ होते.

अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका छोट्या गावाच्या हार्डवेअरच्या दुकानातून मला हॅल्व्हर ब्रेक्के या गवळ्याने घेतले. दुकानदार माझे गुण सांगत बसला होता. हॅल्व्हरने मला दोनदा हलवले आणि म्हणाला, "ही घाई करत नाही. बांधून द्या." त्या माणसाच्या तोंडून मी एका दमात ऐकलेले हे सर्वांत लांब भाषण.

सकाळचे दूध काढून झाले की तो रबरी बूट घालून मला ओढ्यावर नेत असे. सॉरेल ओढा त्याच्या कुरणातूनच वाहायचा, आणि काही ठिकाणी इतका अरुंद की गायही उडी मारून जाईल. तिथे लांब फेकून काय करायचे? पंधरा पावलांवर दोरी अलगद ठेवता आली पाहिजे, बस्स. दोरीच्या टोकाला केसासारखा बारीक दोरा आणि त्याला गळावर पिसे बांधून केलेली एक खोटी माशी. ती पाण्यावर तरंगत जायची, खालून ट्राउट यायचा, आणि मग माझे खरे आयुष्य सुरू व्हायचे. मासा वीतभर असला तरी त्याची प्रत्येक थरथर मी हॅल्व्हरच्या तळव्यात पोचवत असे. त्याची मुलगी व्हर्ना नऊ वर्षांची असताना तिचा पहिला मासा माझ्यावरच लागला. तेव्हा ती इतक्या मोठ्याने ओरडली की गाई चरायच्या थांबल्या.

पण मग कार्बनच्या काठ्या आल्या. वजनाला हलक्या, अंगाने ताठ, फुटबॉलच्या मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला दोरी फेकणाऱ्या. लोकांना वेडच लागले. मला हातात घेऊन ते हलवत आणि हसत, "अजून हलतेच आहे बघ ही!" खरे सांगते, वाईट वाटायचे. हॅल्व्हरने मला सोडले नाही, पण तो गेल्यावर व्हर्नानेही कार्बनची काठी घेतली. माझी रवानगी शेडच्या आढ्यावर झाली. तिथे उंदरांनी माझ्या मुठीचे बूच कुरतडले. कधीकाळी मी रोज ओढ्यावर जात होते, हे माझे मलाच खरे वाटेनासे झाले.

व्हर्नाचा नवरा ऑरिन स्कार हा मासेमारीतला नव्हे. तो बागेतला माणूस. एका वसंतात त्याला वेलासाठी काठी हवी होती. त्याने वर पाहिले, मी दिसले, आणि दुसऱ्या दिवशी मी वाफ्यात उभी होते. माझ्या कड्यांमधून घेवड्याचे तंतू गेले. ऊन, पाऊस, बर्फ, सगळे अंगावर घेतले.

आता व्हर्नाचे ऐका. तिने एकतीस वर्षे शाळेची पिवळी बस चालवली. दाराचा दांडा ओढून ओढून तिचा उजवा खांदा झिजला आणि शेवटी त्याच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्यामुळे सॉरेल ओढ्यावरची एका माशीची स्पर्धा तिची एक वर्ष चुकली. या स्पर्धेत सकाळी प्रत्येकाने एकच माशी बांधायची. ती तुटली की त्याचा दिवस संपला. माशी टिकेल तोवर जेवढे ट्राउट मिळतील त्यांची लांबी मोजायची, सोडून द्यायचे आणि चार वाजता बेरीज करायची. जागा चोवीसच. बाहेर थांबलेल्यांची यादी मोठी. लागोपाठ दोन वर्षे जो चुकेल त्याची जागा कायमची जाते.

मे महिन्यात व्हर्ना अंगणात कार्बनची काठी घेऊन उभी राहिली. तीनदा दोरी फेकली आणि खांदा धरून पायरीवर बसली. नेमका त्याच वेळी तिचा दीर डेल्बर्ट फाटकातून आत आला. स्पर्धा भरवणाऱ्या मासेमारी मंडळाचा चिटणीस तोच.

"वहिनी, यंदा तुमचं नाव जेवणाच्या यादीत टाकू का? तुमच्या बटाट्याच्या सॅलडला कुणी नाही म्हणत नाही."

"भावजी, ती पेन्सिल खिशात ठेवा."

"मला काय हौस आहे का? दोन वर्षं चुकली की जागा जाते. नियम तुमच्याच बाबांनी केलाय."

व्हर्ना उठून उभी राहिली. "मी उतरणार. सकाळच्या माशीसकट चार वाजेपर्यंत पाण्यात उभी राहिले तर जागा माझी. त्याआधी हात टेकले, तर माझं नाव तुम्हीच खोडा. मी पुन्हा मागणार नाही."

बोलून गेली खरी, पण तो गेल्यावर तिचे डोळे भरून आले. ते ऑरिनला दिसू नयेत म्हणून ती तरातरा वाफ्याकडे आली आणि गेल्या वर्षीचे वाळके वेल ओरबाडू लागली. ओरबाडता ओरबाडता तिला तांबडा दोरा दिसला.

"अहो! इकडे या आधी! ही काठी कुठून आणलीत?"

ऑरिन खुरपे घेऊन आला. "शेडमधून. फार चांगली आहे गं. बांबू एका पावसाळ्यात कुजतो. ही दोन वर्षं जशीच्या तशी."

"ही बाबांची ट्राउटची काठी आहे!"

ऑरिनने टोपी काढली. मग म्हणाला, "घेवडा मात्र छान आला होता."

व्हर्नाने मला साबणाच्या कोमट पाण्याने धुतले. सुटलेल्या कड्या नव्या दोऱ्याने बांधल्या, कुरतडलेले बूच भरून घासले. दोन दिवसांनी मी पुन्हा अंगणात आले आणि पहिल्याच फेकीत दोरी तिच्या टोपीवर भसकन पडली. दुसऱ्या फेकीतही तेच. कार्बनवर हात बसलेल्या सगळ्यांचीच ही चूक होते. दोरी मागे जाऊन पुरती उलगडायच्या आत ते पुढे झटका देतात. मला तसे चालत नाही. मला वाकायला वेळ लागतो.

ऑरिन पायरीवर बसून रोपे वेगळी करत होता. तो म्हणाला, "पोरं बसमधून उतरली की तू दार लगेच लावायचीस का?"

"छे! शेवटचं पोर रस्ता ओलांडेपर्यंत थांबायची."

"मग या दोरीलाही जाऊ दे की पलीकडे."

व्हर्ना थांबली. दोरी मागे गेली, उलगडली, तिच्या वजनाने मी वाकले आणि सरळ होता होता तिला पुढे सोडले. मित्रांनो, काय सांगू! दोरी गवतावर अशी उतरली की पातेही हलले नाही. आणि खांदा? झटका नाही, जोर नाही, दुखणार कशाने? जोर लावायचे काम माझे होते. व्हर्नाने त्या दिवशी अंधार पडेपर्यंत मला खाली ठेवले नाही.

जूनचा दुसरा शनिवार उजाडला. स्पर्धेत दोघादोघांच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरतात, एकाने दुसऱ्याचे मासे मोजायचे. व्हर्नाच्या वाट्याला आला डेल्बर्ट. त्याने मला आपादमस्तक न्याहाळले.

"वहिनी, मासे धरायला आलात की घेवडा काढायला?"

सगळे हसले. म्हणजे ऑरिनने गावभर सांगितले होते तर! व्हर्नाने ऑरिनच्या तपकिरी कोंबडीच्या पिसाची, स्वतः बनवलेली माशी बांधली आणि पाण्यात उतरली.

साडेदहाला डेल्बर्टच्या माशीवर मोठा मासा आला. त्याने त्याच्या महागड्या ताठ काठीने असा हिसका मारला की दोरा टचकन तुटला. मासा गेला, माशी गेली, दिवस गेला. मंडळाच्या रिवाजाप्रमाणे आता त्याने जाळे आणि मोजपट्टी घेऊन वहिनीमागून चालायचे. मी चांगल्या घरची आहे, हसले नाही. पण फार कष्ट पडले.

आम्हाला नऊ इंचांचा मिळाला, अकराचा मिळाला, मग एक साताचा. त्या साताच्या माशाने मला अर्ध्यावर वाकवले तशी व्हर्ना खिदळायला लागली.

"सात इंचाला एवढं काय हसायचं?" डेल्बर्ट म्हणाला.

"धरून बघा, मग कळेल."

दुपार कलली. बाकीच्यांच्या माश्या एकेक करून संपत होत्या. आमच्या माशीचे पीस विस्कटले होते, पण गळ शाबूत होता आणि व्हर्नाचा हातही. साडेतीन वाजता पुलावरून बातमी आली की सर्वांत पुढे असलेल्याची बेरीज त्रेसष्ट इंच झाली आहे. दुपारी मिळालेल्या आणखी दोन माशांसह आमची होती सेहेचाळीस.

तेवढ्यात काठावरच्या वाळुंजाच्या झाडाच्या मुळांखाली पाणी हलले. नुसते हलले, उडाले नाही. मोठा मासा तसाच वर येतो. डेल्बर्टनेही ते पाहिले आणि घड्याळ काढले.

"वहिनी, ऐका माझं. अर्धा तास राहिलाय. माशी शाबूत आहे, जागा तुमचीच. त्या मुळांत गेलात तर सगळं घालवून बसाल. आता नुसत्या उभ्या राहा."

मी मनापासून सांगते, तो त्या क्षणी तिचे भलेच बघत होता. व्हर्नाचा तळवा घामाने ओला झालेला मला कळत होता. मग ती म्हणाली, "नुसतं उभं राहायला मी कशाला येऊ, भावजी?"

दोरी मागे गेली. व्हर्ना थांबली. माशी वाळुंजाच्या फांदीखालून सरकत पाण्यावर बसली, वीतभर वाहिली आणि नाहीशी झाली.

व्हर्नाने हिसका मारला नाही. तिने मला फक्त उचलले. पलीकडून जे वजन आले, तसे मी चाळीस वर्षांत पाहिले नव्हते. मासा थेट मुळांकडे धावला.

"ओढा! ओढा, वहिनी!" डेल्बर्ट ओरडला.

ती ओढती तर दोरा तिथेच तुटला असता. तिने मला वाकू दिले. मी टोकाशी वाकले, मध्याशी वाकले, मुठीच्या बुचापर्यंत वाकले. मासा डोके झटकायचा आणि तो प्रत्येक झटका मी माझ्या अंगात घ्यायचे, बारीक दोऱ्यापर्यंत जाऊ द्यायचे नाही. ज्या हलण्याला लोक हसत होते ना, तेच हे हलणे! मुळांच्या हातभर अलीकडे मासा थांबला. मग वळला. डेल्बर्ट नव्या पँटसकट कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि त्याने जाळे खालून घातले.

त्याने दोनदा मोजले. "एकवीस," तो म्हणाला आणि त्याचा आवाज चिरकला. "वहिनी, एकवीस इंच!"

मासा सोडला तेव्हा माशी व्हर्नाच्या बोटांत होती. चार वाजायला दहा मिनिटे होती, आणि ती दहा मिनिटे ती पाण्यात ताठ उभी राहिली.

सदुसष्ट इंच! गेली बारा वर्षे कुणी एवढी बेरीज केली नव्हती. मंडळाच्या झोपडीत टाळ्या थांबता थांबेनात. ऑरिन तर भेटेल त्याला सांगत होता की ही काठी वाफ्यात त्याने सांभाळली. डेल्बर्टने हळूच विचारले, "वहिनी, जरा धरू का हिला?" बाहेर जाऊन त्याने दोरी फेकली आणि ती त्याच्याच गळ्यात पडली.

"थांबायला शिका, भावजी," व्हर्ना म्हणाली, आणि मग तीही टाळ्या वाजवून हसली.

नंतर अध्यक्ष लव्होन हेग्गे उठल्या. "हॅल्व्हरच्या या काठीने आता विश्रांती घ्यावी," त्या म्हणाल्या. "इथे शेकोटीच्या वर, काचेच्या पेटीत, मानाने." सगळ्यांनी माना डोलावल्या. मित्रांनो, घेवड्याचीही मला एवढी भीती वाटली नव्हती. पेटीत वेलसुद्धा येत नाही.

व्हर्नाने मला मुठीत घट्ट धरले. "भिंतीवर कशाला? मंगळवारी मला ओढ्यावर जायचंय."

आणि मंगळवारी आम्ही गेलोच.

म्हणून एवढेच मागते. तुमच्याही माळ्यावर, कपाटामागे माझ्यासारखी कुणीतरी पडली असेल. तिला खाली काढा, धुवा, पुसा, सुटलेला दोरा बांधा. पण तेवढ्यावर थांबून तिला शोभेला मांडू नका. तिला तिच्या कामावर न्या. जोर आला की आम्ही वाकू. घाबरू नका, हात स्थिर ठेवा आणि आम्हाला वाकू द्या.