भात टाकायची खूण

शकू वाळत घातलेल्या भातात पाय फिरवत होती. तेवढ्यात मोठ्या रस्त्यावरून एक काळी मोटार कुंभिवलीकडे वळली आणि थेट तिच्या अंगणाच्या कडेला थांबली. आतून पांढऱ्या मिशांचा एक उंच म्हातारा काठी टेकत उतरला.

"जयवंताचं घर हेच का?"

"हेच." शकूने पदर सारखा केला. "पन गेल्या साली वारले ते, सायेब."

म्हाताऱ्याने टोपी काढली. मग म्हणाला, "मी मोकाशी. विमान मी चालवायचो आणि जयवंता माझ्या पाठीमागे बंदूक घेऊन बसायचा. सहा वर्षं, सरहद्दीवर."

हे नाव शकूने पुष्कळदा ऐकलं होतं. तिने त्यांना ओटीवर घोंगडी टाकून दिली. तिथेच खुंटीला सकाळचं पत्र खोचलेलं होतं. तिच्या लेकीला, जिजाला पुण्याला नर्सच्या शिक्षणासाठी बोलावलं होतं, सोमवारी हजर व्हायचं होतं. दीर नामा पत्र वाचून एवढंच म्हणाला होता, "दादा असता तर नसती धाडली." शकूने ते परत खुंटीला खोचलं होतं. मेलेल्या माणसाच्या नावाने दिलेल्या उत्तराला काय उत्तर द्यायचं?

"इथं आल्यावर करायचा काय तो?" मोकाशींनी विचारलं.

"शेती. कानानं कमी ऐकू यायचं, त्या इंजिनापायी. मंग बांधावरनं हातानंच सांगायचे सगळं." शकूला हसू आलं. "अंगठा तोंडाला लावला का पानी आन."

मोकाशीही हसले. "आम्ही तसं करून एकमेकांना पेट्रोल किती उरलंय ते विचारायचो."

"आनी डोक्यावर थाप मारून माज्याकडं बोट केलं, का भात टाक. सांजच्याला घरी निघताना रोज. एकादशीलाबी! मी म्हनायची, ह्यांना वार कळत नाय का तिथ."

मोकाशींचं हसू थांबलं.

"भात टाक? असं त्यानं सांगितलं?"

"मी इचारलं तवा सांगितलं."

मोकाशी अंगणातल्या भाताकडे पाहू लागले. मग सावकाश बोलले, "वहिनी, त्या उघड्या विमानांत आमच्या एकमेकांशी बोलायची सोय नव्हती. ओरडलं तरी वाऱ्यात जायचं. म्हणून सगळं हातांवर. शेजारच्या विमानातली खूण जयवंता टिपायचा आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला दाखवायचा. त्याच्याइतक्या खुणा कुणालाच पाठ नव्हत्या. ह्या खुणेत तो चुकायचा नाही."

"मंग?"

"तीन-चार विमानं निघाली की एक पुढे असायचं, बाकीची त्याच्या मागे. पुढच्याला वाटलं की आपल्याच्यानं होत नाही, किंवा ही वाट दुसऱ्याला जास्त ठाऊक आहे, तर तो डोक्यावर थाप मारायचा आणि त्या दुसऱ्याकडे बोट करायचा. म्हणजे, इथून तू पुढे हो. मी तुझ्या मागे येतो."

शकूने भाताच्या कडेला आलेलं कोंबडं हाकललं. ते गेलं तरी तिचा हात वरच होता.

"आनी दुसऱ्यानं काय करायचं?"

"कबूल असेल तर त्यानंही आपल्या डोक्यावर हात ठेवायचा. तो ठेवेपर्यंत पहिला जागा सोडायचा नाही."

सांजेला जयवंता ती खूण करायचा तेव्हा ह्याच ओटीवर सासू बसलेली असायची. बांधावर नवरा दिसला की शकूचा हात आपोआप वर जायचा, घसरलेला पदर डोक्यावर ओढायला. आणि तिकडे जयवंता हसायचा. का हसतो, हे तिने कधी विचारलं नाही. सासू झोपली की तो हळूच विचारायचा, कुठलं बी पेरायचं, रेडा विकायचा का, जिजाला सातवीपर्यंत शिकवायची ना. ती सांगेल तसं सकाळी व्हायचं. घरच्यांपुढे मात्र सगळं त्याच्याच तोंडून यायचं. दमलेला असतो म्हणून विचारतो, अशी तिची समजूत होती.

"तुम्ही कधी कबूल केलंत का?" मोकाशींनी थट्टेने विचारलं, पण डोळे भरले होते.

"रोज," शकू म्हणाली. "मला ठावं नवतं, येवढंच."

चहा घेऊन मोकाशी गेले. धूळ खाली बसली तोवर नामा शेतावरून आला. त्याने खुंटीचं पत्र काढून घेतलं.

"जातो, मास्तरांना सांगून येतो. पोर येत नाय म्हनून कळवतील ते."

"नका सांगू," शकू म्हणाली. "सोमवारी मी नेतेय तिला."

नामाने वळून पाहिलं. "वयनी, दादा असता तर..."

"भावोजी, पुन्याची पयली एसटी नाक्यावर किती वाजता लागते?"

नामा पत्राची घडी घालत, उलगडत उभा राहिला. आत जिजाच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं होतं.

"साडेसातला," तो शेवटी म्हणाला. मग पत्र तिच्या हातात देत, "ट्रंक जड आसल. मी येतो नाक्यापातूर."