गरम कोटाची घडी

मी एक जुनी, तपकिरी चामड्याची बॅग आहे. माझा उजवा खटका दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही, मूठ सुतळीने बांधली आहे आणि मला उघडले की डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. मित्रांनो, त्याला हसू नका. वय झाले की असे व्हायचेच.

मला शिवणाऱ्या कारागिराने माझ्या पोटात दोन आडवे पट्टे लावले आणि ते ओढून पाहत तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "कपडे नुसते ठेवायचे नसतात साहेब, धरायचे असतात. सुटे राहिले की घसरतात, घसरले की चुरगळतात." ते शब्द मी विसरले नाही. पुढे जे घडले त्यात माझाही दोष आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

ते गिऱ्हाईक म्हणजे वजनमापे तपासणारे साहेब. दुकानोदुकानी जाऊन तराजू खरा की खोटा ते पाहायचे. महिन्यातले पंधरा दिवस फिरती आणि अंगात काळा कोट. ते हसत म्हणत, "माझ्याच कोटाला चुणी दिसली, तर दुकानदार म्हणेल, साहेब, आधी स्वतः सरळ व्हा, मग आमचा काटा बघा!"

चुणी पडू न देण्याचे काम त्यांच्या पत्नीचे. सकाळी कोटावर ओलसर फडके टाकून ती इस्त्री करी, कोट हँगरला लावी आणि मग माळ घेऊन बसे. एकशे आठ मणी होईपर्यंत तिचे मौन असे. घर पेटले तरी ती बोलणार नाही, असे साहेब चिडवत. माळ संपली की ती कोटाच्या खांद्यावर हाताची पाठ टेकवून पाही. गार झाला असेल तरच घडी. गरम कापड मेणासारखे असते मित्रांनो. जसे दुमडाल तसे ते धरून बसते.

मग ती आधी पँट पसरी, तिचे पाय माझ्या काठाबाहेर लोंबते ठेवून. तिच्यावर बटणे लावलेले शर्ट, मध्ये पातळ कागद. कोट उलटा करून एक खांदा दुसऱ्या खांद्यात बसवी आणि घडीच्या पोटात टॉवेलची गुंडाळी ठेवी. शेवटी पँटचे पाय वरून पांघरुणासारखे घाली. कोपऱ्यांत मोजे, कडेला बूट, आणि मग माझे पट्टे. त्यांची लहानगी लेक शेजारी बसून हे सगळे पाही आणि विचारी, "आई, कोट झोपला का?" आई हसून म्हणे, "झोपला. उठवू नकोस."

ते माझे सुखाचे दिवस होते. साहेब गेले आणि मी कपाटावर गेले. बारा वर्षे मला कोणी उघडले नाही. त्या काळात माझ्या एका पट्ट्याचा ताण गेला, दुसऱ्याचे बक्कल तुटले. कोणाला कळले नाही. कळवणार तरी कशी?

लहानगी मोठी होऊन नर्स झाली. तिच्या वॉर्डात एका रुग्णाला चुकीचे औषध टोचले गेले. माणूस वाचला, पण फार भोगून. औषध टोचले होते मोठ्या सिस्टरने, जिने हिला हे काम शिकवले होते. हिने बाटली पाहिली होती, चुकीची आहे हे ओळखलेही होते. पण मोठ्या सिस्टरला टोकायचे कसे, म्हणून ती गप्प राहिली. आता आळ हिच्यावरच आला होता. दूरच्या शहरातल्या मोठ्या कचेरीत चौकशीला बोलावणे आले. सकाळी दहा वाजता. नोकरी राहणार की जाणार, ते तिथे ठरणार होते.

वडिलांचा कोट तिने शिंप्याकडून आपल्या मापाचा करून घेतला आणि मला कपाटावरून उतरवले. निघायच्या सकाळी तिचे लक्ष थाऱ्यावर नव्हते. एका कागदावर उत्तर लिहून ती ते पुटपुटत होती, "मला नीट आठवत नाही. मला नीट आठवत नाही." इस्त्री झाली आणि वाफाळता कोट तिने उचलून सरळ माझ्यात घातला.

आई समोरच बसली होती, माळ घेऊन. तिने पाहिले. तिचा हात वर झाला. मणी भराभर सरकू लागले. ती माळ संपवायची घाई करत होती. लेकीने मान वर न करताच म्हटले, "हो गं आई, डबा घेतलाय." माझा खटका दोनदा दाबला आणि ती निघाली. आई बोलली नाही. मला बोलता येत नाही.

बसमध्ये आठ तास मी उभी होते. अर्धी रिकामी, पट्टे निकामी. माझ्या पोटात कोट हळूहळू खाली घसरत होता आणि मी त्याला धरू शकत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिने लॉजच्या खोलीत मला उघडले आणि तिथेच बसली. डाव्या खांद्यापासून खिशापर्यंत तिरकी, खोल चुणी पडली होती.

लॉजवाला म्हणाला, "आमची इस्त्री परवाच जळाली, ताई. समोरचा इस्त्रीवाला दहाला उघडतो."

"दहाला तर मला तिथे बसायचंय."

"मग बसा की! बसल्यावर चुण्या कोण मोजतंय?"

ती हसली नाही. दार लावून तिने आईला फोन लावला. "आई, तुझी माळ चालू असेल, माहितीये. तू बोलू नकोस, फक्त ऐक. कोट पार चुरगळलाय. जिला कोट सांभाळता येत नाही तिने रुग्ण काय सांभाळला, असंच म्हणतील ते. मी परत येऊ का गं?"

पलीकडे मण्यांची सरसर थांबली. मग आवाज आला, "तिथे गरम पाणी येतं का?"

"आई! तुझं मौन..."

"काल पाळलं ना मौन. डोळ्यांदेखत गरम कोट दुमडलास आणि मी मणी ओढत बसले. देवाला काय सांगायचं ते मी सांगेन. तू आधी नळ सोड. न्हाणीघरात कोट टांग, पाणी लागू देऊ नकोस. दार लाव. वाफ भरली की तळव्याने वरून खाली ओढत ये. आणि मग बाहेर काढून गार होऊ दे. त्याआधी अंगात घातलास तर बघ!"

"किती वेळ?"

"एक माळ."

"माझ्याकडे कुठली माळ?"

"बोटं आहेत ना?"

तिने सांगितले तसे केले. कोट खिडकीशी टांगून ती माझ्याशेजारी बसली आणि बोटांच्या पेरांवर मोजू लागली. साठाच्या पुढे कुठेतरी ती थांबली. कोटाकडे बघत हलकेच म्हणाली, "मी बाटली पाहिली होती. पाहिली आणि बोलले नाही." मग पुन्हा पहिल्यापासून मोजले. एकशे आठ झाल्यावर तो उत्तराचा कागद फाडून तिने माझ्या अस्तराच्या खिशात कोंबला. अजून तो तिथेच आहे.

चुणी पुरती गेली नाही. पुसट रेघ राहिलीच. तसाच कोट घालून ती गेली.

तिथे काय झाले ते मी घरी आल्यावर ऐकले. तिने सगळे खरे सांगितले. मोठ्या सिस्टरची नोकरी गेली. हिला दोन महिने घरी बसायला सांगितले. आईच्या मांडीवर डोके ठेवून ती रडली, "जिने मला सुई धरायला शिकवलं, तिचं नाव घेतलं मी, आई." आईने "बरं केलंस" म्हटले नाही, "वाईट केलंस"ही म्हटले नाही. नुसती केसांतून बोटे फिरवत राहिली.

दुसऱ्या सकाळी कुठे जायचे नसताना लेकीने कोटाला इस्त्री केली, हँगरला लावला आणि माळ ओढणाऱ्या आईशेजारी बसून राहिली. बऱ्याच वेळाने विचारले, "आई, कोट झोपला का?"

माळ अर्धीच झाली होती. आईने ती बाजूला ठेवली. "झोपला," ती म्हणाली. "आता तूही पड जरा."

माझ्यात नवे पट्टे बसले आहेत. आईने स्वतः शिवले. मित्रांनो, घरातल्या जुन्या बॅगा अधूनमधून उघडून पाहा. कपडे गार झाल्यावर दुमडा. आणि कोणाच्या हातून चुकीची घडी पडताना दिसली, तर तेव्हाच बोला. मला बोलता येत नाही. तुम्हाला येते.